भांडणाचं प्रमाणित भाषांतर

अफजल शिकलगारला राग यायला कारण लागत नाही, असं बारामतीत बोललं जातं. हे चूक आहे. कारण लागतं. ते त्याच्याजवळ कायम तयार असतं, इतकंच.

इंदापूर रस्त्याला त्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे. पत्र्याची शेड आणि दारात सिमेंटचा हौद. गळक्या रेडिएटरची तोंडं बंद करून त्यात हवा भरायची, तो हौदात बुडवायचा आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, हे त्याचं निदान. गिऱ्हाइकाने बोअरचं पाणी घालून आत क्षार साठवला असेल, तर निदानानंतर प्रवचन. ते ऐकून घेतल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. काटेवाडीचे सर्जेराव, ज्यांचे दोन ट्रॅक्टर हंगामात कारखान्याला ऊस ओढतात, ते दर दिवाळीनंतर गाड्या घेऊन येतात आणि बाकड्यावर बसून स्वतःची हजेरी शांतपणे घेऊ देतात. “डॉक्टर गोड बोलून कापतो,” ते म्हणतात. “हितं आदी शिव्या, मग काम. फसवणूक न्हाय.”

माझी जुनी मारुती पहिल्यांदा तापली तेव्हा मीही त्याच्याकडे गेलो होतो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो हे त्याला कुणीतरी सांगितलं. “मग सर,” तो म्हणाला, “गाडीसंगं पुस्तक येतं त्यात इंग्रजीतच लिवलंय की पाणी कुठलं घालायचं. ते तेवढं वाचायचं ऱ्हायलं व्हय?” तेव्हापासून आमची ओळख आहे.

त्याची बायको नौशीन. वालचंदनगरच्या कंपनी क्वार्टर्समध्ये वाढलेली, टर्नरची मुलगी, नर्सिंग केलेली. लग्नाआधी बघायला गेले तेव्हा सगळे चहा पीत असताना तिने थेट विचारलं, “तुम्ही तापट आहात म्हणतात.” त्यावर अफजल कप आदळून म्हणाला, “कोण म्हणतं?” नौशीनला हसू आलं आणि लग्न ठरलं. हे मला तिनेच सांगितलंय. त्यानंतरची नऊ वर्षं ती बारामतीतल्या एका दवाखान्यात वॉर्ड सांभाळत होती आणि घरी आल्यावर अफजलला. त्यांना एक मुलगी झाली, अफशीन.

२०२३ साली नौशीनला न्यूझीलंडमध्ये नर्सची नोकरी लागली, हॅमिल्टन नावाच्या गावात. अफजलने तिला अडवलं नाही. परीक्षेला पुण्याला नेऊन सोडणं, दाखले गोळा करणं, कुरिअर करणं हे सगळं त्यानेच केलं. ओरडत केलं, पण केलं. फक्त व्हिसाच्या फॉर्मवर ‘जोडीदार सोबत येणार आहे का’ हा प्रश्न आला तेव्हा तो म्हणाला, “माझं नाव घालू नको. मी तितं जाऊन काय करू? तुझ्या पगारावर बसून खिडकीतनं गाया बघू?”

नौशीनने त्या रकान्यात ‘नाही’ वर खूण केली आणि एकटी गेली. अफशीन इथेच बाप आणि आजीआजोबांजवळ राहिली. एवढ्या लहान चौकोनात एवढं मोठं भांडण मावलं, ही त्या फॉर्मची करामतच म्हणायची.

पुढची दोन वर्षं नौशीन तिथे आणि अफजल इथे. वर्षातून एकदा ती सुट्टी काढून यायची. २०२५ च्या रमजान ईदला आली तेव्हा तिने जेवताना सांगितलं, “आता मला तिथं कायमचं राहायचा अर्ज करता येतो. कुशल कामगार म्हणून. तुमचं आणि अफशीनचं नाव घालणारे.”

अफजलने आणखी एक भाकरी मागितली. त्या घरात याला होकार म्हणतात.

अर्जासोबत पुरावे लागणार होते. नुसता निकाहनामा पुरणार नव्हता. लग्न झालंय हे नव्हे, तर ते अजून चालू आहे हे दाखवायचं होतं. एकत्र काढलेले फोटो, एकमेकांशी झालेला संवाद, ओळखीच्या माणसांची पत्रं. यादी पुण्याच्या एजंटाने पाठवली आणि ती अफजलचे वडील बाबूलालभाई यांनी ताब्यात घेतली.

बाबूलालभाई चौतीस वर्षं सरकारी कचेरीत शिपाई होते. साहेब बदलले, सरकारं बदलली, टेबलांवरच्या काचा बदलल्या. पण कुठला कागद पास होतो आणि कुठला परत येतो याचं त्यांचं ज्ञान अबाधित राहिलं. त्या ज्ञानाचा सारांश एका वाक्यात होता: सरकारपुढं जाताना घरातली रड न्यायची नाही. जमिनीचा अर्ज असो, चांगल्या वर्तणुकीचा दाखला असो, जो माणूस तक्रार घेऊन येतो त्याचा कागद खाली जातो. सरकारला निर्मळ माणूस आवडतो. न्यूझीलंडचं झालं तरी सरकार ते सरकारच.

म्हणून त्यांनी सगळं निर्मळ केलं. आधी पुढच्या खोलीला रंग दिला. मग नौशीन परत जायच्या आत अफजलला लग्नातला कोट घालायला लावून नौशीनशेजारी उभं केलं आणि फोटो काढून घेतले. त्या फोटोंत दोघांच्या मध्ये एक शासकीय अंतर आहे. दोघंही रेशनकार्डासाठी बघतात तसे समोर बघतायत.

मग त्यांनी चष्मा लावून अफजलच्या फोनमधला पत्रव्यवहार तपासला. ज्यात आवाज चढलाय असं जे जे दिसलं ते बाजूला काढलं. उरलेल्याच्या प्रती काढल्या. उरले होते ते चारशे बारा सुप्रभात. वाफाळता चहा, गुलाब, डोंगराआडून येणारा सूर्य, शुक्रवारी जुम्मा मुबारक. अफजल दुकान उघडताना ही चित्रं चाळीस जणांना एकदम पाठवतो, त्यांतली एक नौशीन.

शेवटी पत्रं. मशिदीचे एक ट्रस्टी, दवाखान्याच्या मेट्रन, शेजारचे किराणा दुकानदार, सर्जेराव आणि मी अशी पाच माणसं बाबूलालभाईंनी निवडली. मजकूर त्यांनी सांगितला. पाचही पत्रांत एक वाक्य होतं: ‘सदर पती-पत्नींमध्ये आजतागायत कोणताही वाद अथवा तंटा झालेला नाही.’

सर्जेराव सही करताना थबकले. “तंटा न्हाय? अफजलचा?”

“करा सही तात्या,” बाबूलालभाई म्हणाले. “सरकारी भाषा हाय.”

निवृत्तीनंतर मी प्रमाणित भाषांतरं करून देतो. ते वाक्य मी पाच वेळा इंग्रजीत आणलं, पाचही वेळा शिक्का मारला आणि त्यांतल्या एकाखाली साक्षीदार म्हणून सहीही केली. इतकी वर्षं पोरांना निबंधातल्या खोट्या वाक्यांवर लाल रेघ मारायला शिकवलं, त्या माणसाचं हे कर्तृत्व.

ऑक्टोबरात उत्तर आलं.

सकाळी अकराच्या सुमाराला अफजल माझ्या दारात उभा होता. हात कोपरापर्यंत काळे. फोन त्याने दोन बोटांत असा धरला होता, की जणू त्यातूनच काहीतरी गळतंय.

“वाचा.”

पत्र अतिशय सभ्य होतं. माणसाचा अपमान करण्यासाठी सभ्यतेइतकं सोयीचं साधन नाही. त्यात म्हटलं होतं, की सादर केलेला संवाद जवळजवळ पूर्णपणे शुभेच्छाचित्रांचा असून त्यात दैनंदिन सहजीवनाचा कोणताही विषय आढळत नाही. पाच स्वतंत्र व्यक्तींच्या पत्रांत एक वाक्य शब्दशः समान आहे. छायाचित्रं एकाच दिवशी घेतलेली दिसतात. २०२३ साली जोडीदाराला सोबत नेण्याचा पर्याय असताना तो घेतला नाही, याचं कारण दिलेलं नाही. २०२४ मध्ये १७ जून ते ३ जुलै या काळात तर शुभेच्छाचित्रंही नाहीत. सबब, हे नातं खरं आणि टिकाऊ आहे याबद्दल अधिकाऱ्याचं समाधान झालेलं नाही. अमुक तारखेपर्यंत खुलासा करावा. मुलीविषयी मात्र शंका नाही.

मी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. अफशीनच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव होतं, ते त्यांना मान्य होतं. अफजल हा त्या मुलीचा बाप आहे याची त्यांना खात्री होती. तो तिच्या आईचा नवरा आहे याची नव्हती.

“मी हिचा नवरा हाय का न्हाय, ह्ये ते ठरवणार?” अफजल म्हणाला. “बारा हजार किलोमीटरवर बसून? ह्या गल्लीतलं कुत्रं सांगंल मी कोण हाय ते!”

“कुत्र्याचं पत्र जोडलं नाही आपण,” मी म्हणालो.

“चेष्टा नका करू सर. हे बगा अजून.”

त्याने एजंटाचा संदेश दाखवला. खुलासा जमत नसेल तर नवऱ्याचं नाव मागे घ्यावं, नौशीन आणि मुलीचा अर्ज अडणार नाही. मात्र मुलीला नेण्यासाठी बापाचं संमतीपत्र लागेल, नमुना सोबत जोडला आहे. खाली ठिपक्यांची रेघ होती, सहीसाठी.

“म्हंजी मी बाप म्हणून सही करायची, की माझी पोरगी न्या. आन् नवरा म्हणून गप बसायचं.” त्याचा आवाज एकदम खाली आला. अफजलचा आवाज चढतो तेव्हा काळजीचं कारण नसतं. “सर, मी पोरीला वाढवलं अडीच वर्षं. येणी घालायला शिकलो. ह्याचा कागद हाय का कुठं?”

त्याला बसवलं. पाणी दिलं. ते तो प्यायला नाही, पेला घट्ट धरून बसला.

“अडीच वर्षांत तुम्ही दोघं बोललाच नाहीत का रे?” मी विचारलं. “सुप्रभात सोडून?”

“बोललो न्हाय? रोज बोलतो!”

“मग ते कुठंय?”

त्याने मान फिरवली. “ती भांडणं हायत.”

“दाखव.”

त्याने बोटं पँटला पुसली. मग त्याने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः गॅलरीत जाऊन रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी पुस्तकं बरीच वाचलीत, दुसऱ्या नवराबायकोचा पत्रव्यवहार वाचण्याची ही पहिलीच वेळ. उदाहरणार्थ, हा.

‘अफशीनच्या डोक्यात उवा झाल्यात हे मला तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळतं. तुम्ही का नाही सांगितलं?’

‘तू तितनं काडणार व्हतीस का?’

‘हो. फोन धरा तिच्या डोक्यावर. आत्ता.’

त्याखाली एक्केचाळीस मिनिटांच्या व्हिडिओ कॉलची नोंद.

किंवा हा.

‘हाताला पट्टी कसली?’

‘कुठली पट्टी?’

‘काल अफशीनच्या फोटोत मागं आरशात दिसली.’

‘ॲसिड उडालं जरासं.’

‘दवाखान्यात गेलात?’

‘न्हाय. हळद लावली.’

‘मी इथं दिवसभर परक्या माणसांच्या जखमा धुते आणि माझा नवरा हळद लावतो. मूर्ख.’

‘तू मूर्ख.’

‘पट्टी सोडून फोटो पाठवा.’

फोटो होता. मग तिच्या सूचना होत्या, अकरा. मग तीन दिवस रोज एक फोटो, जखमेचा, शब्दाशिवाय.

असं पानंच्या पानं. गॅस संपल्यावरून, शाळेच्या गणवेशाच्या बाहीवरून, बाबूलालभाईंच्या साखरेवरून, तिने जेवण टाळल्यावरून. ती पाळीवरून सुटायची तेव्हा तो दुकानात आणि तो मोकळा व्हायचा तेव्हा तिथे मध्यरात्र उलटलेली, यावरून तर दर आठवड्याला. हे सगळं बाबूलालभाईंनी अस्वच्छ म्हणून बाजूला काढलं होतं. आणि वाफाळता चहा पाठवला होता.

मग १७ जून २०२४. त्या दिवशी बकरी ईद होती. नौशीन येणार होती, तिकीट काढलं होतं. ऐनवेळी वॉर्डातल्या दोघी आजारी पडल्या आणि तिची रजा रद्द झाली. अफशीनने नवा ड्रेस घालून संध्याकाळपर्यंत काढला नव्हता. अफजलने लिहिलं होतं: ‘तिकडंच ऱ्हा. आमचं तुझ्यावाचून बरं चाललंय.’

त्यानंतर सोळा दिवस काहीच नाही. चाळीस जणांना जाणाऱ्या चित्रांतूनही त्याने तिला वगळलं होतं.

३ जुलैला एक फोटो. काळ्या तळहातावर एक पांढरा दुधाचा दात. खाली शब्द नाही.

‘कोणता? वरचा की खालचा?’

‘वरचा.’

‘रडली?’

‘न्हाय.’

‘आणि तुम्ही?’

‘काम हाय. ठेव फोन.’

मी फोन खाली ठेवला. गॅलरीत जाऊन त्याला म्हणालो, “हेच पाठवायचं.”

तो माझ्यावर जे ओरडला ते इथे देत नाही. गल्लीने ते ऐकलं आहे.

त्याच दिवशी दुपारी त्याच्या घरी बैठक बसली. बाबूलालभाईंना माझं म्हणणं ऐकून धक्काच बसला. “सर, तुमी शिकलेलं माणूस. नवराबायकोची भांडणं कुणी सरकारात दाखल करतं का? करतात, पण कोर्टात, आन् सुटायला.”

“अब्बा, तुमीच केलं ह्ये सगळं,” अफजल म्हणाला. “निर्मळ, निर्मळ! इतकं निर्मळ केलं की लगीनच धुऊन गेलं.”

“मी चौतीस वर्षं कागद बगितलेत.”

“आन् बायकू?”

हे अफजल म्हणाला नाही. स्वयंपाकघराच्या दारातून जरिनाबी म्हणाल्या. अफजलची आई सहसा पुरुषांच्या बैठकीत बोलत नाही. त्या दिवशी हातात लाटणं होतं आणि ते खाली ठेवायचं भान त्यांना नव्हतं.

“बेचाळीस वर्षं माझ्यासंगं भांडलात तुमी,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मीठ कमी, मीठ जास्त. माझ्या भावानं कोंबडी दिली न्हाय म्हणून तीन वर्षं त्याचं नाव काडलं रोज. ते काय व्हतं मग? बिगरलग्नाचं व्हतं?”

बाबूलालभाई यादीची घडी घालू लागले.

“नौशीनला एकदा तरी वाटलं पायजे की घरचे तिच्यासाठी कायतरी दाखवतात. दाखवा. सगळं दाखवा. लाज कसली? भांडायला बी माणूस आपलं लागतं.”

नौशीनला फोन लावला. तिथे रात्र झाली होती. ती गणवेशातच होती, डोळ्यांखाली काळं. एजंटाने तिला सांगितलं होतं, की बाकीचं पाठवा, पण ईदचा तो एक संदेश गाळा. तो हातात पडला तर अर्ज गेलाच.

“गाळला तर ते सोळा दिवस कसले ते कसं सांगायचं?” मी म्हणालो. “त्यांनी मोजलेत.”

“एक गाळायचं न्हाय,” अफजल म्हणाला. “निवडून निवडूनच हितवर आलो. लिवलंय मी ते. मीच लिवलंय.”

“हो, तुम्हीच!” नौशीन पडद्यावरून कडाडली. ती एवढ्या मोठ्याने बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. “आणि मी ते वाचलं तेव्हा कुठं होते माहिताय? औषधांच्या खोलीत. दोन मिनिटं बसले आणि परत वॉर्डात गेले. मी हे कुणाला सांगितलं नाही. माझ्या आईला नाही. आणि आता एका परक्या माणसाच्या टेबलावर ठेवायचं?”

“मग नको?”

“ठेवा!” ती म्हणाली. “ठेवा ना. वाचू दे त्याला. मला लाज वाटून झाली. आता तुम्हाला वाटू दे थोडी.”

“घ्या सर, सगळं घ्या,” अफजल मला म्हणाला. 

भाषांतराला नऊ दिवस लागले. ‘मूर्ख’ हा शब्द अडीच वर्षांत एकशे सहा वेळा आला होता आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ निराळा होता. कधी जेवलात का, कधी झोप आता, कधी खरोखरच मूर्ख. इंग्रजीत मी सगळीकडे एकच शब्द ठेवला. न्याय शब्दाला नव्हता द्यायचा, लग्नाला द्यायचा होता. घटस्फोट मागणाऱ्या माणसालाही इतकी पानं भरावी लागत नाहीत, हा विचार मनात येत राहिला आणि मी शिक्के मारत राहिलो, जरा जास्तच जोरात.

आता खुलासा राहिला होता. २०२३ ला नाव का घातलं नाही? एजंटाने नमुना पाठवला होता: ‘काही कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे.’ अफजलने तो वाचून मोबाइल उपडा ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. मी लिहून घेतलं. भाषा थोडी सरळ केली, बाकी त्याचंच आहे.

‘मी अफजल बाबूलाल शिकलगार. २०२३ साली मी माझं नाव घालू दिलं नाही कारण मला राग आला होता. माझी बायको पुढे गेली आणि मी इथेच राहिलो, याचा. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही. जबाबदारी वगैरे काही नव्हती. आईवडील धडधाकट आहेत. १७ जूनला जे लिहिलं ते खोटं लिहिलं. आमचं बरं चाललेलं नव्हतं. पाच पत्रांतलं वाक्यही खोटं आहे, ते माझ्या वडिलांनी चांगल्या हेतूने घातलं. माझा राग गेला म्हणून मी आता नाव घालतोय असं समजू नये. तो आहे. तुमच्यावरही आहे. पण बायकोवर फोनवरून रागावून माझं भागत नाही. तुम्ही विचारता पुरावा काय. माझ्याजवळ दुसरा नाही.’

“ ‘तुमच्यावरही आहे’ हे काढूया का?” मी विचारलं.

“ते आदी लिवा,” तो म्हणाला.

संमतीपत्राची ठिपक्यांची रेघ तशीच कोरी ठेवून सगळं गेलं.

डिसेंबरात, ऐन हंगामात, दुकानात परदेशातून फोन आला. हा प्रसंग मला सर्जेरावांनी सांगितला, कारण ते बाकड्यावर होते आणि अफजलचे हात ओले असल्याने फोन स्पीकरवर होता. तिकडून अधिकारी इंग्रजीत विचारत होता आणि एक दुभाषी बाई हिंदीत सांगत होती. अफजल आपल्या हिंदीत, म्हणजे जोरात बोललेल्या मराठीत, उत्तरं देत होता.

बायकोशी शेवटचं बोलणं कधी झालं?

“आज सकाळी.”

विषय काय होता?

“जाकीट,” अफजल म्हणाला आणि पेटला. “व्हिसाचा पत्ता न्हाय आन् हिनं माझ्यासाठी जाकीट आणून ठिवलं. सेल व्हता म्हणं. आन् माप कुठलं? एल! मी एक्सेल हाय. बारा वर्षं संसार केला, नवऱ्याचं माप म्हाईत न्हाय? विचारलं तर म्हणती, हितं चालावं लागंल, बारीक व्हशीला. म्हंजी मी जाड हाय! मॅडम, तुमी त्या साहेबाला सांगा, त्यांनी हिला सांगावं—”

“साहेबानं काय सांगायचं?” सर्जेरावांनी मध्येच विचारलं.

“तात्या, तुमी गप बसा. बोअरचं पाणी घालता आन् वर बोलता.”

दुभाषी बाईने हे किती भाषांतरित केलं कोण जाणे.  मग अधिकाऱ्याने एवढंच विचारलं, की जाकीट कोणत्या रंगाचं आहे. “काळं,” अफजल म्हणाला. “तेवढं अक्कल वापरून घेतलं. डाग दिसायचे न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याने नौशीनला, अचानक, तिच्या वॉर्डात फोन करून जाकिटाबद्दल विचारलं. ती म्हणाली, “एलच होईल. दुकानात बसून पोट सुटलंय, पण मान्य करायचं नाही.”

जानेवारीत मंजुरी आली. पत्र तितकंच सभ्य होतं: नातं खरं आणि टिकाऊ असल्याचं आता मान्य करण्यात येत आहे.

बाबूलालभाईंनी पेढे आणायला पैसे काढले. अफजलने ते त्यांच्या हातासकट खिशात परत घातले. “पेढे कशाचे अब्बा? आमचं लगीन आमालाच पास झालं म्हणून? बारा वर्षांनी?” मग पत्र पुन्हा बघितलं. “ ‘आता मान्य’ म्हणं. आता! काल काय व्हतं?”

मला त्याचं म्हणणं पटलं. मी पेढाही खाल्ला, जरिनाबींनी आतून आणून दिलेला. दोन्ही एका वेळी करता येतं.

दुकान हंगाम संपेपर्यंत चालवून एप्रिलात अफशीनला घेऊन निघायचं ठरलं. सर्जेरावांनी हे ऐकून बाकड्यावर बसल्याबसल्या जाहीर केलं, की पुढच्या दिवाळीला त्यांचे दोन्ही ट्रॅक्टर फुटणार आणि त्याला जबाबदार न्यूझीलंड सरकार. “आमाला कुणी इचारलं? आमचं नातं टिकाऊ न्हाय व्हय?”

निघायच्या आदल्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा पुढच्या खोलीत बॅग उघडी होती आणि नौशीन फोनवर होती. अफजल झाळकामाची, म्हणजे गळती बुजवण्याची हत्यारं एकेक करून जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत भरत होता. पितळी ठोकणी, कातऱ्या, तांब्याच्या टोकाची, कथलाचा डाग द्यायची दोन जाड लोखंडं, ज्यांच्या लाकडी मुठीला त्याच्या हाताचा आकार आलाय.

“इथं सगळी हत्यारं मिळतात,” नौशीन सांगत होती.

“माझी मिळत्यात का?”

“तेवीस किलोच चालतं एका बॅगेला.”

“मग कपडे काडतो.”

“आणि इथं रेडिएटर कोण दुरुस्त करत नाही. टाकून नवा घालतात.”

“मूर्ख हायत मग.”

“सगळा देश मूर्ख, तुम्ही एकटे शहाणे.”

“मी कुठं एकटा म्हणलो? तू बी हायस तितं.”

 मग ती म्हणाली, “भरा काय भरायचं ते,” आणि ठेवला.

त्याने चार शर्ट आणि एक पायजमा राहू दिला. बाकी कपडे जरिनाबींच्या हातात दिले. ताणकाट्याला बॅग लावून दोनदा वजन केलं, एक कातरी काढली, पुन्हा घातली. विमानतळावर हे सगळं उघडायला लावतील, एवढं लोखंड बघून प्रश्न विचारतील, असं मी त्याला म्हणालो.

“इचारू द्या,” अफजल चेन ओढत म्हणाला. “सांगतो त्यास्नी.”